डोळा काढू दिला नाही

हे मी बोलतो आहे आणि माझी मुलगी लिहून घेते आहे. मी मराठी सातवी पास झालो होतो, अक्षरही बरं होतं, पण आता माझ्या हातून एक ओळ लिहिली जात नाही. आमच्या भागात ऊस फार वाढला आहे. उसात काम करणाऱ्याच्या डोळ्याला कधी ना कधी मार बसतो. त्यातल्या एखाद्याला डॉक्टर तेच सांगतील जे मला सांगितलं होतं, आणि तोही माझ्यासारखाच नाही म्हणेल. त्यानं आधी हे ऐकावं आणि मग काय ते ठरवावं. यात धीर देण्यासारखं फारसं नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

*

आमचं गाव निरवांगी. पाटाच्या पाण्यावर आमची भाजीची बागायत होती. वांगी, मिरची, भेंडी असा माल आम्ही बारामतीच्या बाजाराला नेत असू. भवानीनगरला कारखान्याचं काम निघालं तशी आसपासच्या लोकांनी उसाची लागण केली, आम्हीही केली. घरात माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, माझी बायको सुभद्रा, दीड वर्षाची मुलगी आणि मी. आई आधीच गेली होती. मी सव्वीस वर्षांचा होतो.

पौष महिन्यात उसाचं पाचट काढत होतो, म्हणजे खालची वाळलेली पानं. वाकलो, पाचटाची मूठ धरून ओढली, आणि मोडून उभा राहिलेल्या एका वाळक्या उसाचं टोक डाव्या डोळ्यात घुसलं. दुखल्याचं मला आठवत नाही. गालावर काहीतरी कोमट ओघळलं, मला वाटलं घाम असेल. पलीकडच्या सरीत सुभद्रा होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती मटकन खाली बसली. तेव्हा मला कळलं.

शेजारच्या बाळंतिणीचं दूध डोळ्यात घातलं. तूप घातलं. दुसऱ्या दिवशी तोंडाची डावी बाजू इतकी सुजली की आबांनी कुणाला न विचारता गाडी जुंपली. रस्त्यापर्यंत बैलगाडी आणि पुढं एस. टी., असे आम्ही बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोचलो.

*

दवाखाना लहानच होता. एका लांबट खोलीत दहा-बारा खाटा, बाहेर ओसरी, आणि मागच्या अंगणात नातेवाइकांनी मांडलेल्या चुली. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. नर्सबाईंचं नाव एस्तेरबाई. त्या नगरकडच्या ख्रिस्ती, विधवा होत्या आणि दवाखान्यामागच्याच एका खोलीत राहत.

डॉक्टरांनी डोळा धुतला, आतलं काही कापलं, टाके घातले. मग दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या आणि सांगितलं, "मान हलवायची नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, चावून खायचं नाही. बारा दिवस."

शिंक आली तर काय करायचं, हा प्रश्न मला पहिले दोन दिवस डोळ्यापेक्षा मोठा वाटत होता. एस्तेरबाईंनी सांगितलं, "वरचा ओठ बोटानं दाबून धर, जाते." खरंच जात असे.

आबा दुधात भाकरी कुस्करून मला भरवायचे. लहानपणानंतर आबांचा हात माझ्या तोंडाला लागला नव्हता. आमच्या घरात बापानं लेकाशी कामापुरतं बोलायचं, अशीच रीत. त्यांची बोटं खरबरीत, घास मोठा व्हायचा, हनुवटीवर सांडायचं. ते पुसायला त्यांच्याजवळ पटक्याचं टोक असायचं. लघवीचं भांडंही तेच द्यायचे. मी लाजून पाय आवळून घेतले की म्हणायचे, "गप पड. तुला तान्हा असल्यापासनं बघितलंय मी."

सकाळी कार्बोलिकच्या पाण्यानं फरशी पुसल्याचा वास यायचा, मग डॉक्टरांच्या बुटांचा आवाज. औषधाची बाटली थंड असायची. एस्तेरबाई बाटली आधी आपल्या मुठीत धरून जरा ऊब देत आणि मग डाव्यावरची पट्टी उचलून थेंब टाकत. हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं, कारण एकदा दुसऱ्याच कुणीतरी थेंब टाकले, ते गार लागले आणि मी दचकलो.

*

बाराव्या दिवशी पट्टी सोडली. उजव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसलं: भिंतीचा चुना, आबांची वाढलेली दाढी, डॉक्टरांचा चष्मा. डाव्याला मात्र नुसता उजेड. समोर हात हलवला की काहीतरी सरकल्यासारखं वाटे, एवढंच.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. डॉक्टर बसले की काहीतरी वाईट असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"हे बघ भगवान, हा डावा डोळा आता बघण्याच्या कामाचा राहिला नाही. आणि तो ठेवला तर कधी कधी दुसऱ्यालाही घेऊन जातो. नेहमी होतं असं नाही. पण झालं तर माझ्या हातात काही राहत नाही. दोन दिवसांत हा डोळा काढू या."

"काढू या म्हंजी?"

"काढून टाकायचा. जखम भरली की काचेचा बसवता येतो."

"पण मला उजेड दिसतोय की त्यातनं."

"उजेडच दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

आबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते लगेच म्हणाले, "काढू द्या, साहेब. एकावर बी जग दिसतंय."

माझं डोकं फिरलं. आमच्या गावात एक काणा माणूस होता. लग्नाला निघालेलं वऱ्हाड त्याला बघून थांबत असे आणि तो बिचारा स्वतःच आडोशाला जाई. मला तोच दिसायला लागला. मी आबांवर ओरडलो, "तुमचा काढा! तुमचं आयुष्य झालंय बघून!"

साऱ्या खोलीला ऐकू गेलं.  एस्तेरबाई दुसऱ्या खाटेजवळ होत्या. त्या हातातलं काम टाकून आल्या आणि म्हणाल्या, "एक दिवस विचार कर."

मी एक दिवस विचार केला नाही. एक दिवस मी डावा डोळा उघडून खिडकीकडे बघत राहिलो आणि उजेड दिसतोय म्हणून खूश होत राहिलो. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. निघताना डॉक्टरांनी दोनदा बजावलं, "उजवा लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर वाटलं, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

*

शिमग्याच्या सुमारास आम्ही मिरची तोडत होतो. सुभद्रानं माझ्या पाटीत बघितलं आणि हसली. "अवं, ह्ये काय? लाल आन् हिरवी एकच केलीया तुमी."

मी म्हणालो, "झोप न्हाय झाली."

झोप झाली होती. उजव्या डोळ्यासमोर पातळ ताक ओतल्यासारखं झालं होतं आणि ऊन टोचत होतं. डॉक्टरांचा शब्द मला आठवत होता. म्हणूनच मी गेलो नाही. गेलो की ते स्टूल ओढून बसणार. दोन दिवस थांबू, उतरेल, असं करत मी आठ दिवस काढले. डोळ्याला पटक्याची सावली धरायची, उन्हात जायचं टाळायचं, लेकीला उचलताना आधी हातानं चाचपायचं. सुभद्रा रोज कोमट पाण्यानं माझा डावा डोळा धुवायची. तेव्हा उजवा मी मिटून घ्यायचो, म्हणजे तिला लाली दिसू नये. आठव्या दिवशी मी बांधावरून पाटात पडलो आणि ते उघडं पडलं.

*

दुसऱ्या खेपेला डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी बॅटरीनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"आठ."

ते उठून हात धुवायला गेले. परत आले तेव्हा मी म्हणालो, "आता काढा डावा. काय पाहिजे ते काढा."

"आता तो काढून उपयोग नाही," ते म्हणाले.

मला वाटतं, सगळ्या आजारपणात मला ऐकू आलेलं सगळ्यात वाईट वाक्य हेच. नंतर खूप वाईट गोष्टी झाल्या, पण त्या हळूहळू झाल्या.

उपचार त्यांनी मनापासून केले, हे मला सांगितलंच पाहिजे. बाहुली मोठी ठेवणारे थेंब, दर दोन तासांनी गरम पाण्याचा शेक, दंडात सुया. एक नवं औषध तेव्हा नुकतं निघालं होतं, ते इकडे मिळत नसे. डॉक्टर त्याच्यासाठी स्वतः पुण्याला जाऊन आले. चार दिवस त्यानं फरक पडला. पाचव्या दिवशी पडदा परत आला, आधीपेक्षा दाट.

*

बाजारच्या दिवशी सुभद्रा आली. माळव्याची, म्हणजे भाजीची, पाटी बाजारात टेकवून ती थेट दवाखान्यात आली होती, तिच्या लुगड्याला मेथीचा वास होता. मला वाटलं ती रडेल. ती खाटेवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आठ दिस तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् मी रोज डोळा धूत हुते."

"व्हय."

"माझ्याम्होरं बसून खोटं बोलत हुतासा. मी काय परकी हाय का?"

"भ्या वाटत हुतं गं."

"मला न्हाय का वाटत? मला सांगितलं असतं तर मी वढत आणलं असतं तुमाला. आता बागायत मी बघायची, पोर मी बघायची, आबा हितं, आन् तुमी..." ती मग उठली आणि म्हणाली, "माल उघड्यावर पडलाय. जाते."

त्यानंतर दोन बाजार ती आली नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो. तिसऱ्या बाजाराला आली, तेव्हा तिनं माझी नखं कापली.

*

रोज सकाळी डॉक्टर समोर हात धरून विचारत, "किती बोटं?" सुरुवातीला मी नीट सांगायचो. मग मला बोटांऐवजी एक काळपट डाग दिसायला लागला. एका सकाळी मी गप्प राहिलो, तेव्हा चादरीखाली माझ्या पायाचा अंगठा कुणीतरी दाबला. एकदा, आणि परत एकदा. पायथ्याशी आबा उभे होते.

"दोन," मी म्हणालो.

"बरं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि तो ऐकून मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी आबांनी तीनदा अंगठा दाबला. मी तीन सांगितलं. आम्ही दोघं याबद्दल एकमेकांशी काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "किती?" मी वाट बघितली. अंगठा कुणी दाबेना. मला वाटलं आबांचं लक्ष नसेल. मी अंदाजानं म्हणालो, "एक."

"मी आज हात वर केलेलाच नाही," डॉक्टर म्हणाले. मग ते म्हणाले, "आबा, उद्यापासून इकडं, माझ्या बाजूला उभे राहत जा. तुम्ही खोटं सांगितलंत तर मी औषध चुकीचं देईन."

"चुकलं साहेब," आबा म्हणाले. "पोराला वाटू ने, की..." 

पुढं आबा मला रोज सकाळी अंगणात उन्हाला नेऊन बसवू लागले. दवाखान्यानं सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. ते विचारायचे, "सूर्य कुठं हाय, सांग." गालाला ऊन ज्या बाजूनं लागे, तिकडं मी बोट करायचो. "हितं." आबा खूश होऊन म्हणायचे, "बघ! दिसतंय की!" बोटांचा खेळ डॉक्टरांनी बंद पाडला होता. हा आमचा आम्हीच चालू ठेवला.

कुठल्या दिवशी सगळं गेलं, हे मला सांगता येत नाही. लोकांना वाटतं, दिवा मालवावा तसं होत असेल. तसं होत नाही. एस्तेरबाईंच्या पांढऱ्या लुगड्याची हालचाल कधी कधी जाणवायची. एक दिवस त्या अगदी जवळ येऊन बोलल्या आणि मी दचकलो. तेव्हा लक्षात आलं की तेही बंद झालंय, कदाचित चार दिवसांपूर्वीच.

त्यांनाही ते कळलं. त्या दिवशी त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या. देवाचं वगैरे काही बोलल्या नाहीत. जेवण आलं तेव्हा माझं बोट ताटाच्या कडेवरून फिरवून म्हणाल्या, "मीठ इथं. भाजी इथं. भाकरी डावीकडं. आजपासून तू स्वतः जेवायचं, आबांनी भरवायचं नाही." मी ताट लोटून दिलं. संध्याकाळी त्यांनी परत तेच केलं. चौथ्या दिवशी मी जेवलो.

*

मी अजून तिथंच असताना वरकुट्याचा एक माणूस आला, दत्तू नावाचा. वय तीस असेल. दगड फोडताना कपची उडून उजव्या डोळ्यात गेला होता. मला जे सांगितलं, तेच डॉक्टरांनी त्यालाही सांगितलं, आणि तो बोचकं बांधून निघाला.

एस्तेरबाई माझ्या खाटेजवळ आल्या. "भगवान, ऊठ. त्या माणसाशी बोल."

"मी काय बोलू? मी येत न्हाय."

"बोलू नकोस मग. नुसता त्याच्यापुढं उभा राहा."

आबा कधी नव्हे ते भडकले. "माझ्या पोराचं काय परदर्शन मांडलंय व्हय, बाई?"

"त्या माणसाला तीन लेकरं आहेत," एस्तेरबाई म्हणाल्या. 

मी उठलो. त्यांनी मला दहा-बारा पावलं चालवून नेलं. माझ्यापुढं कुणीतरी श्वास घेत होतं, एवढं कळत होतं. मी म्हणालो, "मला बी ह्या डाव्यातनं उजेड दिसत हुता. म्हणून मी ऱ्हाऊ दिला."

 मग त्यानं विचारलं, "दुसरा कदी गेला?"

"दोन म्हैन्यात जायला लागला."

"लोकं काणा म्हणत्याल."

"म्हणू देत," मी म्हणालो. "म्हणणारा दिसंल तरी."

दुसऱ्या दिवशी त्यानं डोळा काढू दिला.

आता एक गोष्ट सांगतो, ती मुलीनं गाळायची नाही. दत्तूचं चांगलं झालं, डॉक्टर खूश झाले, सगळ्यांनी मला शाबासकी दिली. आणि मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून मनात म्हणत होतो, याचाही दुसरा गेला असता तर बरं झालं असतं. तो आपलं आपण उठून पाणी प्यायचा, त्या तांब्याच्या आवाजाचा मला राग यायचा. असं वाटणं दोन-तीन दिवस होतं, मग कमी झालं. अगदीच गेलं, असं मात्र म्हणणार नाही.

*

दत्तूला सोडलं त्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. माझ्या खाटेवर बसला.  मी विचारलं, "बाहेर काय दिसतंय?"

"हितनं का?"

"व्हय. दारातनं जे दिसतंय ते सांग."

तो सांगू लागला. "अंगण हाय. कडुनिंबाखाली एक म्हातारी तांदूळ निवडतीया. दोरीवर धोतर वाळत घातलंय. नर्सबाई बादली घिऊन चालल्यात. एक कुत्रं पडलंय. आन् पायरीवर तुमचं आबा बसल्यात."

"काय करत्यात?"

खाट करकरली, तो उठायला लागला होता.

"सांग की."

"रडत्यात," दत्तू म्हणाला. "पटका तोंडात धरून. मी आलो त्या दिसापासनं रोज असंच बसत्यात तितं. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

मला ठाऊक नव्हतं. इतके दिवस त्यांचा आवाज माझ्या उशाशी होता, आणि तो एकदाही कापला नव्हता. दत्तू माझ्या पायांना हात लावून गेला. त्याची पावलं फाटकापर्यंत ऐकू आली. मग मी हाक मारली, "आबा!"

बाहेर कुणीतरी नाक शिंकरलं. घसा खाकरला. मग सावकाश पावलं आत आली आणि खाटेपाशी थांबली.

"काय रं, भूक लागली व्हय?" आबा म्हणाले. "आज तुझ्या डोळ्याची लाली लई उतरल्यागत दिसतीया बघ."

"व्हय आबा," मी म्हणालो. "आज जरा बरं वाटतंय."